इंजिनाचे अन्न आणि गावचा मिस्त्री

नांदेडहून नागपूरकडे जाणारा रस्ता वारंगा फाट्याशी सोडून हिंगोलीच्या दिशेने वळले की आखाडा बाळापूर लागते. कळमनुरी तालुक्यातले हे बाजाराचे गाव. पूर्वी ते परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी हिंगोली हा वेगळा जिल्हा झाला, तेव्हापासून ते हिंगोलीत आले. आसपासची शेती हळद, सोयाबीन, कापूस आणि ऊस यांची. अशा शेतीला लहान इंजिने पुष्कळ लागतात. फवारणीचे पंप, मळणीयंत्रे, विहिरीवरची किंवा नाल्यावरची पाण्याची इंजिने, शिवाय घरोघरच्या मोटारसायकली, ही सारी यंत्रे कधी ना कधी बिघडतात आणि बाजाराच्या गावी एखाद्या मिस्त्रीच्या दारात येऊन उभी राहतात.

मोटार मेकॅनिकचा व्यवसाय अभ्यासक्रम शिकणाऱ्या अनेक मुलांच्या डोळ्यांसमोर असेच एक दुकान असते. परंतु हे दुकान ज्या इंधनावर चालायचे तेच आता झपाट्याने बदलत आहे. २०२२ साली देशातल्या पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के अल्कोहोल मिसळले जाऊ लागले आणि २०२५ साली हे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. जुलै २०२४ मध्ये पुण्याच्या बजाज ऑटोने दाबाखालच्या नैसर्गिक वायूवर, म्हणजे सीएनजीवर चालणारी मोटारसायकल बाजारात आणली. पाण्याच्या इंजिनांची जागा सौरपंप घेत आहेत. तेव्हा प्रश्न असा, की आज सोळा-सतरा वर्षांचा असलेला मुलगा वीस वर्षांनी कोणते इंजिन दुरुस्त करीत असेल? आणि त्यासाठी आज त्याला काय शिकवावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना भविष्याचे अंदाज बांधण्यापेक्षा मागे वळून पाहणे अधिक उपयोगाचे आहे, असे आम्हाला वाटते. कारण पर्यायी इंधन ही काही नवी गोष्ट नव्हे. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत निरनिराळी इंधने आली, काही काळ चालली आणि बहुतेक निघून गेली. ती का टिकली नाहीत याचा शोध घेतला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. इंधन जाळण्याची विद्या फारशी अवघड नव्हती. अवघड होते ते त्या इंधनावर गावातल्या कोणाचे तरी पोट चालणे.

इंजिन मुळात खादाड

आज आपण ‘पेट्रोलचे इंजिन’ आणि ‘डिझेलचे इंजिन’ असे म्हणतो, त्यामुळे ही इंजिने त्या त्या इंधनासाठीच जन्माला आली असा समज होतो. तसे नाही. निकोलस ऑटो या जर्मन तंत्रज्ञाने १८७६ साली चार फेऱ्यांचे इंजिन यशस्वी करून दाखवले, ते दगडी कोळशापासून मिळणाऱ्या वायूवर चालत होते. शहरातल्या रस्त्यांवरचे दिवे ज्या वायूवर जळत, तोच हा वायू. पेट्रोल त्यानंतर आले. रुडॉल्फ डिझेलने तर सुरुवातीला कोळशाच्या भुकटीचाही विचार केला होता. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ऑटो कंपनीने एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले. ते इतके सुरळीत चालले, की इंधन बदलल्याचे फार थोड्या लोकांच्या लक्षात आले, असे डिझेलने पुढे नमूद केले आहे.

याचे कारण सोपे आहे. सिलिंडरमध्ये काहीतरी जळून वायू तापावा, तो प्रसरण पावावा आणि त्याने दट्ट्या ढकलावा, एवढेच इंजिनाला हवे असते. मात्र प्रत्येक इंधनाच्या काही अटी असतात. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक किलो अल्कोहोलला सुमारे ९ किलो पुरते. म्हणून पेट्रोलसाठी बसवलेल्या जेटमधून अल्कोहोल सोडले तर इंधन कमी पडते. वनस्पती तेल डिझेलपेक्षा दहापट किंवा त्याहूनही अधिक दाट असते. ते नोझलमधून बारीक तुषारांच्या रूपात उडत नाही, अर्धवट जळते आणि नोझलच्या तोंडाशी काजळी धरते. या अटी पुऱ्या करण्यासाठी जेट बदलणे, दाबाचे प्रमाण बदलणे, ठिणगीची वेळ पुढेमागे करणे, तेल गरम करून पातळ करणे असे उपाय करावे लागतात. हे उपाय चांगला मिस्त्री करू शकतो. पण त्यासाठी तो असावा लागतो.

ऑईल इंजिन गावात येते

महाराष्ट्रातल्या इंजिनांचा इतिहास एका शिक्षकापासून सुरू होतो, ही गोष्ट या मासिकाच्या वाचकांना आवडेल. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्रांची चित्रे काढायला शिकवीत असत. ती नोकरी सोडून त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. सायकली विकता विकता, दुरुस्त करता करता ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले. १९१० साली औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडामुळे जमीन विषारी होते, अशी तेव्हा शेतकऱ्यांत समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली, अशी हकिगत सांगतात. १९२० साली सुरू झालेले ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिकही आरंभी कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवण्यासाठीच होते. वस्तू बनवण्याइतकेच ती वापरायला शिकवणे हाही धंद्याचा भाग आहे, हे लक्ष्मणरावांच्या घराण्याने फार लवकर ओळखले होते.

विहिरीवरचे तेलाचे इंजिनही असेच हळूहळू गावात शिरले. सुरुवातीची इंजिने विलायती. त्यांतल्या काहींचे डोके बत्तीने तापवावे लागे आणि ती जाड्याभरड्या खनिज तेलावर चालत, म्हणून त्यांना ‘क्रूड ऑईल इंजिन’ असे नाव पडले. साताऱ्याजवळच्या सातारा रोड येथील धनजीशा कूपर यांचा कारखाना १९३०च्या दशकात डिझेल इंजिने बनवू लागला. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात इंजिने आणि त्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या अनेक कार्यशाळा उभ्या राहिल्या.

ही इंजिने टिकली याचे श्रेय त्यांच्या रचनेला आहे, तसेच त्यांच्या भोवती तयार झालेल्या माणसांनाही आहे. इंजिनाचा वेग कमी, भाग जाड आणि मोजके. रिंगा बदलणे, झडपा घासून बसवणे, नोझल साफ करणे ही कामे तालुक्याच्या गावी होऊ लागली. दिवसा पाणी उपसणाऱ्या इंजिनाचा पट्टा काढून तोच पिठाच्या गिरणीला लावता येई. विक्रेता, मिस्त्री, लेथवाला आणि गिरणीवाला अशा चौघांचे त्यावर चाले. पुढे आलेल्या इंधनांच्या नशिबी हे भाग्य क्वचितच आले.

कोळशावरच्या मोटारी

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले. भारतात ते १९४१ साली सुरू झाले. त्या काळात मोटारींच्या मागे किंवा बाजूला एक उभे पिंप दिसू लागले. त्यात लाकडी कोळसा भरीत. कोळशाला हवा पुरेशी न देता जाळले, तर कार्बन डायऑक्साइड वायूचे निखाऱ्यांवर कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर होते, आणि कोळशातल्या किंवा मुद्दाम सोडलेल्या पाण्याच्या वाफेपासून थोडा हायड्रोजनही तयार होतो. हे दोन्ही वायू जळणारे आहेत. या मिश्रणाला ‘प्रोड्यूसर गॅस’ म्हणतात. पण त्यात निम्मा वाटा हवेतल्या नायट्रोजनचा, आणि नायट्रोजन काही जळत नाही. म्हणून पेट्रोलचे इंजिन या वायूवर लावले, तर त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते.

युरोपात ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. स्वीडनमध्ये सत्तर हजारांहून अधिक वाहने आणि युद्धाच्या अखेरीस जर्मनीत सुमारे पाच लाख वाहने लाकडाच्या किंवा कोळशाच्या गॅसवर चालत होती. आपल्याकडेही मोटारमालक आणि ड्रायव्हर ती विद्या शिकले. सकाळी राख काढायची, कोळसा भरायचा, पंखा फिरवून निखारे फुलवायचे आणि गॅस जळतो आहे याची खात्री झाल्यावर इंजिन सुरू करायचे. काळजी फार घ्यावी लागे, कारण कार्बन मोनॉक्साइड विषारी आहे आणि त्याला वासही नाही.

युद्ध संपले, पेट्रोल मिळू लागले, आणि ही पिंपे भंगारात गेली. त्यात नवल काहीच नाही. अडचणीत माणूस पुष्कळ खटपट करतो. अडचण संपली की सोयीकडे वळतो. पण पुढचा भाग अधिक बोधप्रद आहे. १९७३ साली तेलाच्या किमती भडकल्यावर प्रोड्यूसर गॅसची आठवण पुन्हा निघाली. १९८७च्या सुमारास केंद्र सरकारने शेतीच्या पंपांसाठी लहान गॅसिफायर भरघोस अनुदानावर देण्याचा कार्यक्रम सुरू केला. गॅसिफायरबरोबर डिझेल इंजिनही मिळत असे. तत्त्व अगदी योग्य होते. डिझेलच्या इंजिनात हवेबरोबर हा गॅस सोडला, तर डिझेलची ७० ते ८० टक्के बचत होऊ शकते. प्रत्यक्षात काय झाले? लाकडाचे सारख्या मापाचे तुकडे करणे, ते वाळवणे, गाळण्या साफ करणे आणि डांबरासारखा चिकट पदार्थ झडपांवर बसला की हेड उघडणे हे सारे शेतकऱ्याच्या गळ्यात पडले. दुरुस्तीला कोणी जवळ नव्हते. अनेकांनी गॅसिफायर बाजूला ठेवला आणि स्वस्तात मिळालेले इंजिन नुसत्या डिझेलवर चालवले.

शेतकऱ्याने फसवणूक केली असे म्हणून हा विषय संपत नाही. त्याने आपल्या वेळेचा आणि त्रासाचा हिशेब केला, एवढेच. अनुदान यंत्राला मिळाले होते. ते यंत्र चालते ठेवणाऱ्याला काहीच मिळत नव्हते.

मळीपासून पेट्रोलपंपापर्यंत

अल्कोहोलची कथा अधिक लांबलचक आहे. उसाचा रस आटवून साखर काढल्यावर जी मळी उरते, तिच्यात बरीच साखर शिल्लक असते. यीस्टच्या साहाय्याने ती आंबवली की अल्कोहोल मिळते. एक टन उसापासून साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते आणि तेवढ्या मळीपासून सुमारे १० लिटर अल्कोहोल. १९३०च्या दशकात उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये साखर कारखाने वाढले, मळीचे करायचे काय हा प्रश्न उभा राहिला, आणि ती पेट्रोलमध्ये उपयोगी पडेल का याचा विचार करण्यासाठी १९३८ साली समिती बसली. म्हैसूर आणि हैदराबाद या संस्थानांतही इंधनासाठी अल्कोहोल बनवण्याचे काम महायुद्धाच्या आगेमागे झाले. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली ‘भारतीय पॉवर अल्कोहोल कायदा’ झाला.

महाराष्ट्रात १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे कारखान्यांचे जाळे पसरले. मराठवाड्यातही ते आले. वसमतचा पूर्णा कारखाना आखाडा बाळापूरच्या परिसराला जवळचा. मळी भरपूर झाली, पण अल्कोहोल पेट्रोलमध्ये गेले नाही. दारूच्या आणि रसायनांच्या कारखान्यांकडून त्याला चांगला भाव मिळत होता आणि पेट्रोल स्वस्त होते. १९४८चा कायदा कागदावरच राहिला. २००० साली तो निरुपयोगी म्हणून रद्द करण्यात आला; आणि योगायोग असा, की लगेच पुढच्या वर्षी, २००१ साली, पेट्रोलमध्ये ५ टक्के अल्कोहोल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले. त्यांतले दोन महाराष्ट्रात होते, मिरज आणि मनमाड येथे. २००३ पासून हा कार्यक्रम नऊ राज्यांत नेण्यात आला. तरी पुरवठा आणि किंमत यांचे गणित जुळून प्रमाण १० टक्क्यांवर जायला २०२२ साल उजाडले.

ब्राझीलने हेच काम १९७५ साली हाती घेतले होते. १९७९ साली तेथे निव्वळ अल्कोहोलवर चालणारी मोटार विक्रीला आली आणि १९८०च्या दशकाच्या मध्यास नव्या मोटारींपैकी दहातल्या नऊ अल्कोहोलवरच्या असत. पण १९८९-९० मध्ये अल्कोहोलचा तुटवडा पडला, पंपांवर रांगा लागल्या आणि लोकांचा विश्वास उडाला. २००३ साली पेट्रोल आणि अल्कोहोल कोणत्याही प्रमाणात चालवून घेणारे इंजिन आले तेव्हा तो परत आला. मोटार बदलणे सोपे होते. उद्याही इंधन मिळेल, हा भरवसा देणे अवघड होते.

आपल्याकडे आज भरवशाचा प्रश्न वेगळ्या ठिकाणी आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर अल्कोहोलमध्ये सुमारे २१. म्हणून २० टक्के मिश्रणाच्या लिटरमध्ये जवळपास ७ टक्के ऊर्जा कमी येते. अल्कोहोल पाणी शोषून घेते. टाकीत ओल गेली आणि ती एका मर्यादेपलीकडे वाढली, की पाणी व अल्कोहोल यांचा वेगळा थर तळाशी बसतो. जुन्या कार्बोरेटरमधले काही रबरी भाग अल्कोहोलमध्ये फुगतात. नव्या गाड्या हे गृहीत धरून बनवल्या जातात. शिवाय एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक मोटारसायकलींत कार्बोरेटर जाऊन इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे फ्युएल इंजेक्शन आले आहे. पण हंगाम संपल्यावर सहा-आठ महिने टाकीत पेट्रोल ठेवून कोपऱ्यात पडणाऱ्या फवारणी पंपाचे काय? ते यंत्र बाजारगावच्या मिस्त्रीकडेच येणार. त्याला कारण समजले तर तो शेतकऱ्याला टाकी रिकामी करून ठेवायला सांगेल आणि योग्य जातीची नळी बसवेल. कारण समजले नाही तर तो वर्षानुवर्षे कार्बोरेटर पुसत राहील.

शेणाचा हिशेब

गोबर गॅसचे नाते महाराष्ट्राशी जुने आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मैल्यापासून निघणारा वायू उपयोगात आणला गेला. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैला आणि शेण यांच्या उपयोगाचे प्रयोग केले. देहूचे डॉ. सु. वि. मापुसकर यांनी तेच काम पुढे नेऊन शौचालयाला जोडलेले गॅस संयंत्र विकसित केले. खादी ग्रामोद्योग आयोगाने पुढाकार घेतल्यावर गोबर गॅसची संयंत्रे देशभर पोचली.

या वायूवर इंजिनही चालते. त्यात ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. डिझेलच्या इंजिनात हवेच्या वाटेने तो सोडला आणि पेटवण्यापुरते थोडे डिझेल येऊ दिले, की सुमारे ८० टक्के डिझेल वाचते. मग घरोघरी अशी इंजिने का दिसत नाहीत? साधे गणित करून पाहू या. एका अश्वशक्तीला तासाला साधारण ०.४५ घनमीटर गॅस लागतो. म्हणजे ५ अश्वशक्तीच्या इंजिनाला तासाला सव्वादोन घनमीटर. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ०.०४ घनमीटर गॅस मिळतो. दिवसाला १० किलो शेण देणाऱ्या जनावरापासून ०.४ घनमीटर. तेव्हा एका तासाच्या पंपासाठी जवळजवळ सहा जनावरांचे दिवसभराचे शेण हवे, आणि ते सारे इंजिनाला दिले तर चुलीला काही उरणार नाही. दोन बैल आणि एक म्हैस असलेल्या घराला हे परवडत नाही. मोठा गोठा, दूध संकलन केंद्र किंवा साखर कारखान्याची मळी-पाण्याची टाकी असेल तेथे मात्र गणित बदलते. म्हणजे इंधन चांगले की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणाच्या दारात, किती आणि रोज?’ असे विचारावे लागते.

हा हिशेब न केल्याचे फळ मोगली एरंडाच्या बाबतीत दिसले. नाशिक भागात १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याची लागवड झाली. पडीक जमिनीत, पाण्यावाचून भरपूर बी येईल, अशी अपेक्षा होती. झाड जगले, पण बी अपेक्षेपेक्षा फार कमी आले. तरीही २००३ नंतर बायोडिझेलच्या राष्ट्रीय योजनेत याच झाडावर पुन्हा भिस्त ठेवण्यात आली, आणि पुन्हा निराशा झाली. तेलापासून बायोडिझेल बनवण्याची रासायनिक क्रिया महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेतही करता येते. शेतातले उत्पन्न मात्र प्रयोगशाळेत ठरत नाही.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीवर केलेले काम या दृष्टीने वेगळे आहे. वरच्या कणसाचे धान्य माणसाला, चिपाड जनावराला आणि धांड्यातल्या रसाचे अल्कोहोल, असा त्यामागचा विचार. अन्न की इंधन, हा झगडा त्यात सौम्य होतो. याच संस्थेने उसाच्या पाचटापासून गॅस करण्याचेही प्रयोग केले.

हे शिकवायचे कोणी?

आता शाळेकडे येऊ. १९५० पासून देशात औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून कारागीर तयार करण्याची योजना सुरू झाली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) माध्यमिक शिक्षणाला व्यवसायाची जोड देण्याचा आग्रह धरला. त्यानंतर महाराष्ट्रात द्विलक्षी अभ्यासक्रम आले. त्यांत ‘स्कूटर आणि मोटारसायकल सर्व्हिसिंग’ हा विषय अनेक कनिष्ठ महाविद्यालयांनी घेतला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम आले. या वर्गांतून हजारो मुलांना हाताचे काम मिळाले, हे मान्य करूनही एक उणीव सांगितली पाहिजे. भाग कसा सोडवावा आणि कसा बसवावा हे तेथे शिकवले गेले. इंधन म्हणजे काय, ते बदलले तर इंजिनाचे काय होते, हे क्वचितच. रसायनशास्त्र एका वर्गात, पाना दुसऱ्या वर्गात, अशी फारकत झाली.

ही फारकत मोडण्याचा एक मोठा प्रयत्न पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे झाला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली होती आणि हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात ते काम करीत होते. ते सोडून १९८३ साली त्यांनी पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. काम करता करता शिकणे ही त्यांची पद्धत. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस कार्यशाळेत आणि शेतात काम करावे, गावकऱ्यांना हवी असलेली वस्तू किंवा सेवा मोल घेऊन द्यावी आणि तिचा हिशेब ठेवावा. जुन्या जीपचे सुटे भाग आणि लहान डिझेल इंजिन घेऊन ‘मेक-बुल’ नावाचा स्वस्त ट्रॅक्टरही तेथे तयार झाला. कलबाग २००३ साली वारले. आश्रमाचे काम पुढे चालू राहिले.

आम्हाला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती मोल घेण्याची. गिऱ्हाइकाने पैसे दिले की तो तक्रार करायला परत येतो, आणि तक्रारीतून मुलगा शिकतो. फुकट दाखवलेल्या प्रयोगाची तक्रार करायला कोणी येत नाही. गॅसिफायर कार्यक्रमात जे सुटले होते ते नेमके हेच.

वर्गात करून पाहता येईल असे

दोन प्रयोग सुचवतो. पहिला पेट्रोलचा. १०० मिलिलिटरच्या मोजपात्रात ५० मिलिलिटर पेट्रोल घ्या, त्यात १० मिलिलिटर पाणी घाला, हलक्या हाताने हलवून पात्र स्थिर ठेवा. अल्कोहोल पेट्रोल सोडून पाण्यात जाते. खालचा थर १० ऐवजी जवळपास २० मिलिलिटर झाला, तर पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के अल्कोहोल आहे. प्रयोग खिडक्या उघड्या ठेवून, जवळपास ज्योत किंवा ठिणगी नसताना, शिक्षकांनी स्वतः करावा. फवारणी पंपाच्या टाकीत तळाशी थर का बसतो हे मुलांना लगेच उमगेल.

दुसरा प्रयोग डिझेलच्या पाण्याच्या इंजिनाचा. १०० मिलिलिटर डिझेलमध्ये इंजिन किती पाणी किती उंचीवर चढवते ते मोजा. एवढ्या डिझेलमध्ये सुमारे ३६ लाख ज्यूल ऊर्जा असते. समजा, ५००० लिटर पाणी १० मीटर चढले. तर झालेले काम सुमारे ४.९ लाख ज्यूल, म्हणजे साधारण १४ टक्के. नोझल साफ करून, पट्टा ताणून, गळकी नळी बदलून पुन्हा मोजा. वाचलेले डिझेल हेही एक इंधनच आहे, आणि ते शोधून देणाऱ्या मिस्त्रीला शेतकरी आनंदाने मजुरी देईल. हा आकडा वहीत लिहून ठेवणारा मुलगा आणि नुसता अंदाजाने बोलणारा मुलगा यांच्या दुकानांत पुढे फरक पडतो.

कार्बन मोनॉक्साइड तयार होईल असा कोणताही प्रयोग, म्हणजे गॅसिफायर, बंद खोलीत करू नये, हे वेगळे सांगायला नको.

या दुकानाचे उद्या काय होईल? कदाचित फवारणीचे पंप बॅटरीवर जातील, काही मोटारसायकली सीएनजीवर, काही विजेवर. २०१९ नंतर पीएम-कुसुम योजनेतून आलेल्या सौरपंपांनाही पॅनेल पुसणारा, तारा तपासणारा आणि पंप वर काढणारा माणूस लागतोच. कोणते इंधन जिंकेल हे आज आपण मुलाला सांगू शकत नाही, आणि सांगण्याची गरजही नाही. नवे इंधन गावात आले तर ते रोज मिळेल का, त्याचा भाव कोणावर अवलंबून आहे, ते इंजिनाच्या कोणत्या भागाला बाधेल आणि ते सुधारून देण्याचे मला किती मिळतील, हे चार प्रश्न विचारण्याची आणि त्यांची उत्तरे मोजून काढण्याची सवय त्याला लावता येते. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावच्या दुकानात सायकली दुरुस्त करीत होते तेव्हा पुढे आपले घराणे इंजिने बनवील हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांना यंत्राचे चित्र काढता येत होते आणि गिऱ्हाइकाची अडचण ऐकून घेता येत होती. आपल्या व्यवसाय अभ्यासक्रमाच्या वर्गातून बाहेर पडणाऱ्या मुलाला एवढे दोन्ही यावे, असा आपला प्रयत्न असावा.